एमए सायकॉलॉजी झालं की सगळे काउन्सेलिंगलाच का? व्हिज्युअल परसेप्शनमधे पीएचडी करा की, आणि इथेच करा

गोरेगावकर

एमए सायकॉलॉजीला शिकवतो. पुढे काय करणार विचारलं की अर्धा वर्ग क्लिनिकल म्हणतो, उरलेल्यातले बरेचसे काउन्सेलिंग, बाकीचे एचआर. आपल्याला दिसतं कसं, डोळ्यात शिरलेल्या उजेडाचा मेंदू अर्थ कसा लावतो, लक्ष एकीकडे असलं की नाकासमोरची वस्तू दिसतच नाही असं का होतं, यावर आख्खी पीएचडी करता येते हे मुलांना कोणी सांगतच नाही. सिलॅबसमधे परसेप्शनचा एक चॅप्टर असतो, सुटे भाग एकत्र आकृती म्हणून का दिसतात ते सांगणारे गेस्टाल्टचे नियम, सारख्याच लांबीच्या असून लहानमोठ्या वाटणाऱ्या म्यूलर-लायरच्या दोन रेघा, परीक्षेत टीप लिहिली की विषय संपला.

माझं म्हणणं, मुंबईच्या मुलांनी इकडे वळायला हवं आणि ते भारतात राहून करायला हवं. जागा आहेत. बंगळुरूला आयआयएससीचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स, अलाहाबाद विद्यापीठात २००२ पासून बिहेवियरल आणि कॉग्निटिव्ह सायन्सचं (म्हणजे मन आणि मेंदू माहिती कशी हाताळतात त्याच्या शास्त्राचं) सेंटर, कानपूर आणि गांधीनगरच्या आयआयटीत कॉग्निटिव्ह सायन्स, हैदराबाद विद्यापीठ. आपल्या दारातच पवईला आयआयटीच्या एचएसएस म्हणजे मानव्यविद्या आणि समाजशास्त्रं विभागात सायकॉलॉजीत पीएचडी होते, मानखुर्दला होमी भाभा सेंटरमधे विज्ञानशिक्षण आणि त्यामागचं कॉग्निशन यावर होते.

इथेच का, तर प्रश्न इथे आहेत म्हणून. १६८८ मधे विल्यम मोलिन्यूने जॉन लॉकला पत्रातून विचारलं होतं की जन्मांध माणसाला नजर आली तर हाताने चाचपून ओळखलेला गोळा आणि घन तो नुसतं बघून ओळखेल का. तीनशे वर्षं तत्त्वज्ञ यावर वाद घालत होते. त्याचं उत्तर शोधायला आपली मुलं उपयोगी पडली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या पवन सिन्हांच्या, भारतातल्या अंध मुलांवर उपचार करणाऱ्या प्रोजेक्ट प्रकाशमधे ऑपरेशन होऊन पहिल्यांदा नीट बघू लागलेली पाच मुलं, २०११ चा पेपर. हाताने ओळखलेली वस्तू लगेच नजरेने ओळखता येईना, पण काही दिवसांत जमायला लागलं. मुलं इथली, आजार इथला, आणि लॅब मात्र अमेरिकेत. हे मला खरंच लागतं.

वसई_फास्ट

सर तळमळ कळते पण हिशोबाचं कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलते. जेआरएफ म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी सरकारी फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग ४२,०००, वर घरभाडं भत्ता, २०२३ पासूनचे रेट आहेत हे, आणि हे मिळालं तर, कारण २०२४ पासून नेटमधे फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र अशी वेगळी कॅटेगरी आलीये, त्यात बसलात तर प्रवेश मिळेल पण रुपया मिळणार नाही, मग चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी घरी काय सांगणार, बाबा रिटायर व्हायला आलेत, घराचे हप्ते चालू आहेत आणि मी पडद्यावरच्या ठिपक्यांवर संशोधन करतेय?

मी स्वतः पीएचडी अर्धी सोडलीये. संस्थेचं नाव घेणार नाही. फेलोशिप महिनोन्महिने यायची नाही, ऑफिसात गेलं की क्लार्क फाइल पुढे सरकवून म्हणायचा मॅडम सही बाकी आहे, ती सही नेमकी कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग गाईडची बदली झाली आणि नवीन गाईड म्हणाले हा विषय माझा नाही, बदला. आपल्याकडे व्हिजनवर काम करणारे लोक इतके थोडे आहेत की एक माणूस हलला तर विद्यार्थी लटकतो. आणि डिग्री हातात आल्यावर तरी काय, तासिका तत्त्वावर लेक्चरं घ्यायची. काउन्सेलिंगला जाणारी मुलं मूर्ख नाहीत, त्यांना दोन-तीन वर्षांत घरात पैसे द्यायचे असतात.

परळवाला_डॉक्टर

मी रेडिओलॉजीत आहे, माझ्या बाजूने सांगतो. २०१३ चा एक प्रयोग आहे, २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाचे सीटी स्कॅन दिले आणि गाठी शोधायला सांगितल्या. त्यातल्या एका स्कॅनमधे गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, आकाराने साध्या गाठीच्या ४८ पट. २० जणांना तो दिसला नाही. नजर कुठे फिरते ते टिपणारा आय-ट्रॅकर लावला होता म्हणून कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांची नजर गोरिलाच्या जागेवरून चक्क फिरून गेली होती. हे सगळे अनुभवी लोक होते. मी हा पेपर वाचल्यापासून रात्रीच्या ड्युटीत रिपोर्ट टाईप करण्याआधी स्कॅन पुन्हा पहिल्यापासून बघतो, शोधत नव्हतो ते काही आहे का म्हणून.

त्यामुळे विषय फालतू आहे असं कोणी म्हणू नका, पेशंटच्या जिवाशी संबंध आहे. पण गोरेगावकर सर, तुमच्याशी एका बाबतीत पटत नाही. ही कामं सायकॉलॉजी डिपार्टमेंटच्या खोलीत बसून होणार नाहीत. परळच्या दवाखान्यांत रोज ढिगाने स्कॅन वाचले जातात, तिथे सायकॉलॉजीचा एक विद्यार्थी शेजारी बसलेला मी अजून पाहिला नाही. हॉस्पिटलशी टाय-अप नसेल तर कॉलेजच्या पोरांवर प्रयोग करून थिसिस होईल, वाचणार कोणी नाही.

गिसेन_ते_ठाणे

मी सरळ सांगतो, बाहेर जा. जर्मनीत गिसेनला व्हिजनचं काम फार जोरात चालतं, मी तिथेच होतो. तिकडे पीएचडीवाल्याला बहुतेक वेळा नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट देतात, सरकारी ई-१३ स्केलचा बहुधा पासष्ट टक्के पगार, त्यात आरोग्य विमा आणि पेन्शन कापून जातं आणि फी अशी काही नसते. नेदरलँड्समधे साधारण चार वर्षं चक्क कर्मचारी म्हणून ठेवतात. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात पण चांगल्या ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड. त्यामुळे पैशाचा वाद तिथेच मिटतो.

आता काम काय असतं तेही ऐका, लोकांना कल्पना नसते. अंधारी खोली, हनुवटी स्टँडवर टेकवायची म्हणजे डोळा आणि स्क्रीनमधलं अंतर हलत नाही. राखाडी पडद्यावर मधोमध पुसट पट्ट्यांचा गोल ठिपका येतो, त्याला गॅबोर म्हणतात, क्षणभर दिसतो आणि जातो. डावीकडे कलला होता की उजवीकडे, बटण दाबायचं. उत्तरं बरोबर येत गेली की पुढचा ठिपका आणखी फिका, चुकलं की थोडा ठळक, असं वरखाली करत करत माणसाला जेमतेम दिसण्याची सीमा सापडते. फेखनरने १८६० मधे याची पद्धत बसवली, मुळातली कल्पना आजही तीच वापरतो. आणि याआधी स्क्रीनचा उजेड मीटरने मोजून सारखा करावा लागतो, नाहीतर आख्खा डेटा फुकट. हे करून घेणारी माणसं आजूबाजूला असायला लागतात, शेजारच्या टेबलवर कोणीतरी तेच करत असतं म्हणून आपण शिकतो. भारतात अशी गर्दी दोन-चार ठिकाणीच. शिवाय १९७८ पासून युरोपात दरवर्षी व्हिजनवाल्यांची परिषद भरते, तिथे पोस्टरपुढे उभं राहून ज्यांचे पेपर वाचले त्यांच्याशीच भांडता येतं.

गोरेगावकर

वसई ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं आणि फेलोशिप वेळेवर मिळणं हा मुलांचा हक्क आहे, त्यावर दुमत नाही. पण त्यावरून विषयच सोडा असं कसं म्हणायचं? आपल्याकडे राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत, त्यांच्यासाठी मुलं रस्त्यावर उतरतात, हवी आहे म्हणूनच ना.

गिसेनवाले, तुमच्या लॅबमधे मराठी वाचणारी माणसं किती होती? हे गंभीरपणे विचारतोय. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो आणि उच्चारतो नंतर. हिंदी वाचणाऱ्यांवर ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मधे काम केलं, असे शब्द वाचताना वाचक अडखळतो असं दिसलं. मग जोडाक्षरं, शिरोरेषेखाली चिकटून बसलेली अक्षरं, दादर स्टेशनचा इंडिकेटर पळत पळत वाचणारा माणूस, कमी दिसणारे आजोबा मोबाईलवर पेपर वाचताना, यावर कितीतरी करण्यासारखं आहे. पवईच्या आयआयटीच्या आयडीसी या डिझाईन स्कूलमधे पीएचडी होते, देवनागरी टायपोग्राफीवर तिथे काम झालंय. हे सगळं गिसेनला बसून कोण करणार?

डॉक्टर, तुमचं हॉस्पिटलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तुमच्या विभागात बोलून बघाल का? मुलं मी पाठवतो.

डोंबिवलीची_पोर

मी एमए पार्ट टू ला आहे. मला हे वाचून खरंच करावंसं वाटतंय पण मी आर्ट्सची, गणित दहावीनंतर सोडलं, कोडिंग शून्य. मला कोणी घेईल का? आणि घरी आई म्हणते आधी नोकरी बघ.

गिसेन_ते_ठाणे

घेतील. मार्कांपेक्षा काय येतं ते बघतात. पायथन शिकायला घे, सायकोपाय नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात एक साधा प्रयोग बनव, मैत्रिणींवर करून बघ, ग्राफ काढ. स्टॅटिस्टिक्सला घाबरून चालणार नाही, ते रोज लागतं. मग ज्या प्रोफेसरकडे जायचंय त्यांचे दोन पेपर नीट वाचून त्यातल्या एका गोष्टीवर प्रश्न विचारणारी छोटी ईमेल कर. रिस्पेक्टेड सर करून पानभर लिहिलेली कोणी उघडत नाही.

गोरेगावकर

आणि लगेच पीएचडीला नको जाऊस, आधी वर्षभर एखाद्या लॅबमधे प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम कर. पगार मिळतो, आईलाही नोकरी म्हणून सांगता येईल, आणि हे काम आपल्याला झेपतं का ते कळतं.

परळवाला_डॉक्टर

सर, एचओडींना विचारतो. एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, त्याला वेळ जातो, म्हणून आधी दोन पानी प्रपोजल पाठवा. पेशंटची नावं काढलेले जुने स्कॅन मिळू शकतील.

वसई_फास्ट

डोंबिवली, असिस्टंटचं काम कर, ते सर बरोबर सांगतायत. पण पीएचडीबद्दल माझं मत तेच आहे, इथे करायची तर फेलोशिपचं लेटर हातात आल्याशिवाय ॲडमिशन घेऊ नकोस, गाईड कितीही चांगला वाटला तरी. आणि त्या गाईडला तोंडावर विचार की आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले आणि आत्ता काय करतात. नंबर मागून घे, त्यातल्या दोघांना फोन कर, त्यातही जो अर्धवट सोडून गेला असेल त्याला आधी.