बुडालेल्या जहाजाच्या सर्व्हेची परवानगी नक्की कोण देतं? सव्वादोन वर्षं झाली फिरतोय

घाटावरचा_डायव्हर:

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, जि. सांगली. आमच्याकडं घरटी एक माणूस तरी गलाईला, म्हणजे सोनं चांदी वितळवायच्या धंद्याला, परराज्यात असतो, आजोबा आणि दोन्ही चुलते त्यातलेच, मी मात्र पाण्यात गेलो. नऊ वर्षं कमर्शियल डायव्हर आहे, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर पाइपलाइन तपासणी, पाण्याखाली कटिंग वेल्डिंग अशी कामं. म्हणजे हौस म्हणून तारकर्लीला जाऊन मासे बघून आलेला माणूस नाही, हे आधी सांगतो, कारण सगळीकडं पहिला प्रश्न तोच येतो की तुम्ही कोण आणि तुम्हाला काय येतं.

तर झालं असं की देवगडच्या बाजूच्या एका तांडेलाशी, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाशी, ओळख झाली. त्याचं जाळं एका ठरावीक जागी दर सीझनला अडकतं. मागं एकदा जाळ्याबरोबर काळा ठिक्कर पडलेला लाकडाचा तुकडा वर आला, त्यात तांब्याचे जाड खिळे आणि एका बाजूला तांब्याचा पत्रा ठोकलेला. त्यानं फोटो काढला आणि तुकडा परत पाण्यात सोडला, उगाच भानगड नको म्हणून. तो फोटो बघितल्यापासून माझी झोप गेली. लाकडी जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा म्हणजे वाफेची जहाजं यायच्या आधीचं किंवा त्याच काळातलं काहीतरी, एवढं मलाही कळतं.

मी आणि दोन सहकारी, तिघांनी मिळून चार लाख बाजूला काढले. काही उचलायचं नाही. फक्त साइड स्कॅन सोनार (आवाजाच्या लाटांनी तळाचं चित्र काढणारं यंत्र) आणि मॅग्नेटोमीटर (तळातलं लोखंड ओळखणारं यंत्र) भाड्यानं घेऊन तळ बघायचा, नकाशा करायचा आणि सरकारला द्यायचा. एवढ्याची परवानगी मागतोय.

पहिल्या ऑफिसनं दोन महिन्यांनी लिहून दिलं, सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्यानं सांगितलं तिसऱ्याची एनओसी आणा. तिसऱ्यानं सांगितलं आधी अक्षांश रेखांश द्या मग बघू, आता ती जागा मी कागदावर लिहून आवक टेबलावर ठेवली की ती किती जणांच्या मोबाइलात जाईल याची मला भीती वाटते, म्हणून मी सीलबंद पाकिटात देतो म्हटलं तर तशी पद्धत नाही म्हणाले. चौथ्या ठिकाणी विचारलं संस्था कुठली, व्यक्तीला देत नाही, मग ते कुठं लिहिलंय ते दाखवा म्हटलं तर साहेब मीटिंगला. आणि शेवटी माझा अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' परत पहिल्याच ऑफिसला पाठवला. माहिती अधिकारात विचारलं, उत्तर आलं माहिती उपलब्ध नाही.

विट्याहून प्रत्येक वेळी रजा टाकून, गाडीचं भाडं घालून गेलोय राव. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, मी मान्य करीन. पण कुणी होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, आणि प्रत्येक टेबलावरची नजर अशी की हा सोनं चोरायला आलाय. इथं कुणाला कायदा माहीत असेल तर सांगा, परवानगी देणारा माणूस नक्की कोण? आणि उद्या काही निघालंच तर शोधणाऱ्याचा हक्क काय?

साताऱ्याचा_वकील:

दादा, तुमचा वैताग समजतो. तुम्ही एकाच दारात चार कायद्यांचं काम घेऊन उभे आहात, म्हणून प्रत्येक जण पुढं ढकलतोय.

आधी हक्काचं सांगतो, कारण लोक इथंच फसतात. आपल्याकडं गुप्तधनाचा कायदा आहे तो 1878 चा. तुमच्या गावात कुणाला नांगरताना नाण्यांचा हंडा लागला आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली की कलेक्टरला लेखी कळवायचं, चौकशी होते, जमिनीचा मालक पुढं आला तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि मालकाला एक चतुर्थांश, आणि सरकारला तो हंडा पाहिजे असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. पण त्या कायद्यातली व्याख्या आहे 'जमिनीत लपलेलं' काहीही. वादळात बुडालेलं जहाज कुणी लपवून ठेवलेलं नसतं. म्हणून तो तीन चतुर्थांशवाला हिशोब समुद्रात धरू नका.

समुद्रात बुडालेल्या जहाजाला मर्चंट शिपिंग कायदा. 1958 च्या कायद्यात रिसिव्हर ऑफ रेक नावाचा अधिकारी आहे, सापडलेली वस्तू त्याला कळवायची, मालकाला दावा करायला एक वर्ष, आणि ती वाचवणाऱ्याला मेहनताना. 2025 ला संसदेनं या विषयावर नवा कायदा केलाय, अर्ज करताना त्याचीच कलमं बघून घाला, जुनी घातली तर तेवढ्यावरून कागद परत येईल. पण हे सगळं मुळात जहाज आणि माल वाचवण्यासाठी लिहिलेलं आहे. तुमचं जहाज शंभर वर्षांहून जुनं निघालं की 1972 चा पुरावस्तू कायदा येतो आणि तिथं बाजारात विकणं, देशाबाहेर नेणं हे डोक्यातून काढून टाका. शिवाय जागा 12 सागरी मैलांच्या आत आहे का बाहेर, बंदराच्या हद्दीत आहे का, यावर आणखी खाती येतात. मालवणजवळ असतं तर तिथं 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, मग वनखातंही आलं.

एक काम करा, आत्तापासून काहीही वर आणू नका. तोफेचा गोळा सुद्धा नाही. त्या तांडेलानं तुकडा परत सोडला ते बरंच केलं.

गलाईवाला_विटा:

भावा तू आपल्या मातीतला निघालास, बरं वाटलं. मी एकोणतीस वर्षं गलाईत, आधी तामिळनाडूत मग बंगालात. सोनं चांदी वितळवणाऱ्या माणसाच्या नजरेनं दोन गोष्टी सांगतो.

समुद्रातली चांदी म्हणजे डोळ्यांना दिपवणारी चांदी नसते. काळी, फुगलेली, एकमेकीला चिकटलेली ढेकळं. आणि बुडालेल्या चांदीचा इतिहास बघितला तर जास्त पैसा वकिलांनाच मिळालेला दिसतो. 1942 ला तिलावा नावाचं जहाज मुंबईहून डर्बनला निघालं होतं, जपानी पाणबुडीनं 23 नोव्हेंबरला बुडवलं, 280 माणसं गेली, त्यात आपल्या देशातली कितीतरी. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी चांदीच्या 2364 लाद्या होत्या. 2017 ला एका कंपनीनं त्या समुद्राच्या तळातून काढल्या, इंग्लंडला नेल्या आणि तिथं खटला चालला, 2024 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं मान्य केलं. सिटी ऑफ कैरो पण मुंबईतून निघालेलं, त्यात आपले चांदीचे रुपये होते, तेही बाहेर काढले. कलकत्त्याहून निघालेलं गेरसोप्पा 1941 ला बुडालं, पण त्यातली चांदी काढणाऱ्या अमेरिकन कंपनीनं आधी इंग्लंडच्या सरकारशी करार केला होता, खर्च वजा जाता 80 टक्के कंपनीला. आधी कागद झाला म्हणून तिथं भांडण झालं नाही. म्हणजे सरकारनं ठरवलं तर असा कागद होतो, हे लक्षात घे.

आणि दुसरं जे सांगायचंय ते मनातलं आहे. आमच्या भट्टीवर जुनी नाणी यायची, पोत्यानं यायची. राणीछाप, बादशहाछाप, त्याच्याही आधीची, अक्षरं वाचता न येणारी. आम्ही टंच म्हणजे शुद्धता बघायचो, वजन करायचो आणि वितळवायच्या मुशीत टाकायचो. कुणाची होती, कुठून निघाली, काही विचारायचं नाही. एकदा एक चौकोनी नाणं होतं, वडिलांनी दोन दिवस बाजूला ठेवलं, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक वजनाला कमी पडतंय म्हणून भांडायला लागलं तेव्हा टाकावं लागलं. अजून मला ते दिसतं. म्हणून तू काही उचलणार नाही म्हणतोस ना, ते पाळ.

खोलसमुद्र_सांगली:

तुम्ही सव्वादोन वर्षं म्हणताय, फ्लोरिडाचा मेल फिशर 16 वर्षं अटोचा शोधत होता, 1622 ला बुडालेलं स्पॅनिश जहाज. मध्ये 1975 ला त्याची बोट उलटून मुलगा आणि सून गेले. त्यात राज्य सरकारशी खटला, तो 1982 ला थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला, फिशर जिंकला आणि 20 जुलै 1985 ला खजिन्याचा ढीग सापडला. मी त्याचा फॅन आहे, पण आपल्याकडं एका डायव्हरनं असं लढायचं म्हटलं तर घर विकावं लागेल. म्हणून खात्यांनी निदान एक खिडकी करावी, जिथं अर्ज घेतला जाईल आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर मिळेल, हे मागणं अजिबात जास्त नाही.

पुरातत्त्व_शिकणारी:

मी मूळची मिरजेची, पुरातत्त्व शिकतेय. दादा, मी इथं जरा विरोधात बोलणार आहे, रागावू नका.

फिशरसारखं काम मला पटत नाही. त्यांनी तळाची वाळू उडवायला बोटीच्या पंख्याला नळ लावले, त्यात जहाजाचं लाकूड कुठल्या बाजूला पडलं, माल कसा रचला होता, हे सगळं विस्कटतं. युनेस्कोच्या 2001 च्या करारात म्हणूनच म्हटलंय की पहिला पर्याय जागेवरच जपण्याचा, आणि व्यापारासाठी काढणं नाही. आपण त्या करारात नाही, पण विचार बरोबर आहे. लाकूड एकदा पाण्याबाहेर काढलं आणि तसंच वाळू दिलं तर आकसतं, फाटतं. स्वीडनचं वासा जहाज 1961 ला वर काढलं, त्यावर 17 वर्षं रसायनाचा फवारा मारत होते. आपण देवगडला कुठं मारणार?

पण तुमच्यावर अन्याय होतोय हेही खरं आणि ते मला जास्त लागतं. तुर्कस्तानात उलुबुरुनला 1982 मध्ये एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यानं कप्तानाला सांगितलं की खाली कान असलेली धातूची बिस्किटं पडलीत. ती तांब्याच्या लाद्या होत्या, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या, एकूण दहा टन तांबं. 1984 पासून 11 हंगाम खोदकाम झालं, बावीस हजारांहून जास्त डाइव्ह. हे घडलं कारण तिथले संशोधक आधीच बंदराबंदरांत जाऊन पाणबुड्यांशी बोलत होते, काय दिसलं तर काय समजायचं ते सांगत होते. त्या पाणबुड्याला कुणी चोर म्हटलं नाही. तुमच्या तांडेलाला मात्र तुकडा परत सोडावासा वाटला, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही.

आपल्याकडं माणसं आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचं काम केलंय, तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात 2001 पासून पाण्याखालचा वेगळा विभाग आहे, त्यांनी लक्षद्वीपला प्रिन्सेस रॉयलचं उत्खनन केलं. तुम्ही 'मला परवानगी द्या' असा अर्ज करू नका. 'मला ही जागा माहीत आहे, मी प्रशिक्षित डायव्हर आहे, तुमच्या सर्व्हेत मला घ्या' असा करा. उत्खननाचं लायसन व्यक्तीच्या नावावर मिळणं जवळजवळ अशक्य, पण संस्थेबरोबर जाता येतं.

आणि देवगडच्या शेजारी विजयदुर्ग आहे हो. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आले तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथं पेटलं. तुम्हाला मिळालेलं त्यातलं असेल असं मी म्हणत नाही, तांब्याचा पत्रा बहुधा त्याच्या नंतरचा काळ सांगतो. पण त्या पाण्यात काय काय असेल या विचारानं अंगावर काटा येतो.

कृष्णाकाठचा:

समुद्राचं मला माहीत नाही, नदीचं सांगतो. 2019 च्या पुरानंतर आमच्या घाटाखाली गाळात एक मूर्ती निघाली, गुडघ्याएवढी, हात तुटलेला. आम्ही चौघांनी धुतली, फोन केला, पंचनामा झाला. त्यानंतर आठ महिन्यांत मला तीन वेळा जबाबाला बोलावलं, आणि काय सापडलं त्यापेक्षा आणखी काय सापडलं होतं ते लपवलं का हेच विचारलं. मूर्ती आता कुठं आहे आम्हाला माहीत नाही. गावात आता ठरलेलंच आहे, काही दिसलं तर परत डोहात सोडायचं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या मूर्तीला आईनं कुंकू लावलं होतं.

घाटावरचा_डायव्हर:

सगळं दोनदा वाचलं. ताई, रागावलो नाही, उलट वाळू उडवण्याचं मला खरंच माहीत नव्हतं, आमच्या कामात तळ मोकळा करणं म्हणजे चांगलं काम. माझी एक घाई मात्र समजून घ्या. तिथं ट्रॉलर फिरतात, प्रत्येक सीझनला त्यांच्या जाळ्याच्या साखळ्या त्या लाकडावरून जातात. ज्याला जागेवरच जपा म्हणतो ते तिथं दरवर्षी थोडं थोडं कमी होतंय. जूनमध्ये मासेमारी बंद होते तेव्हा त्याला उसंत, पण तेव्हा आपल्यालाही उतरता येत नाही. पाणी स्वच्छ असतं ते थंडीत, आणि माझ्या दोन थंड्या ऑफिसातच गेल्या.

वकीलसाहेब, नवीन कायद्याची कलमं तुम्ही बघून द्याल का, फी सांगा. अर्ज आता ताईंनी सांगितला तसा करतोय, गोव्याची संस्था आणि पुरातत्त्व सर्वेक्षण, दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी. जागा पूर्ण देणार नाही, खोली 22 मीटर आणि कुठल्या गावासमोर एवढंच, बाकी त्यांचा माणूस आला की बोटीवर दाखवीन. तांडेलालाही विचारलं, तो यायला तयार आहे पण त्याचं नाव कागदावर नको म्हणाला, ते मी मान्य केलंय.

विट्याच्या काकांना, ते चौकोनी नाणं तांब्याचं होतं का चांदीचं?

गलाईवाला_विटा:

चांदीचं. सव्वा तोळ्याच्या आत होतं. अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठव, पोचपावती जपून ठेव.