नवा हीट पंप बसवला आणि बोअर गारठली

ओसरी:
आम्ही स्वीडनमध्ये वेस्तेरोसला राहतो. घर 1974 चं. अंगणात 110 मीटर खोल बोअर आहे, आधीच्या मालकांनी 1998 साली मारलेली. ती घर गरम ठेवायला आहे, पाणी उपसायला नाही. तिच्यात सोडलेल्या पाइपातून एक द्रव मिश्रण फिरतं, ते खडकातली ऊब वर आणतं आणि हीट पंप नावाचं यंत्र विजेवर ती ऊब वाढवून घराला देतं. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना पटेचना, एवढी खोल बोअर आणि वापरायला एक थेंब नाही!

2022 मध्ये जुना हीट पंप बंद पडला. नवा बसवणाऱ्याने बोअरचं झाकणही उघडलं नाही, "आहे तीच चालेल" म्हणाला. पहिला हिवाळा छान गेला. या फेब्रुवारीत मात्र बोअरमधून वर येणारं मिश्रण उणे 4 अंशांवर गेलंय. पहाटे पंपातला विजेचा हीटर आपोआप सुरू होतो. गेल्या जानेवारीत 2,100 युनिटं लागली होती, यंदा 2,900. धाकटी आठ महिन्यांची आहे, तिच्या खोलीचं तापमान बघायला मी रात्री दोनदा उठते. पंप जुन्यापेक्षा चांगला आहे, मग बोअर का थंड पडली? पंपातच दोष आहे का?

लिंशोपिंगकर:
ताई, पंपात दोष नसावा. आमच्याकडे 2014 साली अगदी हेच झालं होतं. तेव्हा मी महिनाभर पंपाच्याच मागे लागलो होतो.

हिशेब असा. समजा कडक थंडीत घराला 8 किलोवॅट उष्णता लागते. जुना पंप एक युनिट विजेत अडीच युनिटं उष्णता द्यायचा. म्हणजे 3.2 किलोवॅट वीज आणि 4.8 खडकातून. नवा पंप एकाला चार देतो. वीज फक्त 2, पण खडकातून 6. वीज वाचते ती खडकाच्या जिवावर, आणि बोअर तेवढीच राहिली. शिवाय जुने पंप बरेचदा लहान घेतलेले असायचे, कडाक्याच्या दिवसांत उरलेलं काम विजेचा हीटर करायचा. नवा पंप ते सगळं एकटा ओढतो.

आमच्या आजोळी वाड्यात ज्वारीचं पेव होतं. सुगीत भरायचं, वर्षभर पुरवून खायचं. बोअरही तशीच, फक्त ती आजूबाजूच्या खडकातून भरते आणि फार सावकाश भरते. तुमच्या भागात खडक मुळात 7-8 अंशांचा असतो. दर हिवाळ्यात भरतीपेक्षा उपसा जास्त झाला की तो वर्षागणिक थोडा थोडा उतरतो. म्हणून पहिला हिवाळा तुम्हाला छान वाटला.

उणे 4 ला पाइपातलं मिश्रण गोठत नाही, त्यात अल्कोहोल असतं. पण बोअरमधलं पाणी गोठतं, आणि बर्फाने पाइप चेपू शकतो. त्यामुळे पुढच्या हिवाळ्यापर्यंत हे असंच ठेवू नका.

ड्रिलिंगवाल्याकडून बोअरमधल्या पाण्याची पातळी मोजून घ्या. पाण्याच्या वरचा कोरडा भाग जवळजवळ बिनकामाचा. शेजाऱ्यांनी अलीकडे बोअर मारली आहे का तेही विचारा. दोन बोअरांत 20 मीटर अंतर ठेवायचा इथे प्रघात आहे. जवळ असल्या तर दोघी एकाच पेवातून उपसतात. तोवर रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरवा आणि माळ्यावरचं इन्सुलेशन बघा. बाळाच्या खोलीतला रेडिएटर पूर्ण उघडा ठेवा, बाकीच्या खोल्या जरा गार चालतील.

बार्शीकर:
मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडे मे महिन्यात 42-43 अंश होतात. अशीच बोअर मारून घर गार करता येईल का? गावात कुणी म्हणतं त्यासाठी वज्रेश्वरीसारखे गरम झरे लागतात.

लिंशोपिंगकर:
झऱ्यांचा याच्याशी संबंध नाही, ती खोलातली उष्णता. इथे आपण वरच्या शे-दोनशे मीटरबद्दल बोलतोय. तिथली जमीन साधारण त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाची असते. बार्शीला ती 26-27 अंश धरा. एसीची गरम हवा 43 अंशांत फेकण्यापेक्षा ही उष्णता 27 च्या खडकात सोडणं केव्हाही सोपं, वीज वाचेल. पण तुम्ही पेव नुसतं भरत राहणार, हिवाळ्यात उपसणार कोण? काही वर्षांत बोअरभोवतीचा खडक तापेल. स्टॉकहोमचा आर्लांडा विमानतळ 2009 पासून जमिनीतल्या पाण्याच्या साठ्यात हिवाळ्याची थंडी साठवून उन्हाळ्यात वापरतो. तिथे दोन्ही ऋतू कामाला येतात. एका घरासाठी तुमच्या जागी मी आधी छतावर पांढरा लेप आणि पश्चिमेच्या भिंतीवर सावली यांवर पैसे घालीन.

ओसरी:
दादा, मनापासून आभार. काल ड्रिलिंगवाले येऊन गेले. पाणी 9 मीटरवर आहे, म्हणजे कामाची 101 मीटरच. आणि मागच्या शेजाऱ्यांनी 2021 मध्ये बोअर मारली आहे, आमच्यापासून 14 मीटरवर! त्यांनाही ठाऊक नव्हतं, बिचारे स्वतः टेप घेऊन मोजायला आले. दुसरी बोअर मारायचं ठरलंय, गाडी लावतो तिथून तिरकी, त्यांच्या विरुद्ध दिशेला. नगरपालिकेची परवानगी आली की मे महिन्यात काम.

रेडिएटरचं पाणी तीन अंशांनी उतरवलं. बोअरमधून येणारं मिश्रण आज सकाळी उणे 2 वर होतं आणि हीटर रात्रभर लागला नाही. बाळाच्या खोलीत 20 अंश. पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही बोअरांचे आकडे इथेच टाकते.