प्रेमाचा त्रिकोण सुटतो, की पैशाची दरी लेखकच बुजवून देतो?

अनुस्वार
नमस्कार. जुन्या प्रेमकादंबऱ्या नव्याने वाचत असताना एक गोष्ट सतत खटकते आहे. वरच्या आणि खालच्या वर्गातल्या माणसांमध्ये प्रेम फुलते, तिसरी व्यक्ती मध्ये येते, पेच घट्ट होतो आणि नेमक्या त्याच वेळी कुणाचा तरी वारसा मिळून जातो. शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ (१८४७) घ्या. जेन घरातली पगारी शिक्षिका, रॉचेस्टर त्या घराचा मालक. ती त्याच्याकडे परतते तेव्हा तिला काकांचे २०,००० पौंड मिळालेले असतात (आतेभावंडांत वाटून तिने स्वतःकडे ५,००० ठेवलेले), आणि त्याचे घर जळून गेलेले, दृष्टी आणि एक हात गमावलेला. मग ही दरी प्रेमाने ओलांडली असे म्हणायचे, की लेखिकेने लग्नाआधीच ती बुजवून घेतली असे? वर्गभेदाला सरळ भिडणारा एखादा प्रेमत्रिकोण आपल्या वाचनात आला आहे का?

पानगळ
‘जेन एअर’वर थोडा अन्याय होतो आहे असे वाटते. आपली मालमत्ता लोक समजतात त्याच्या एक तृतीयांशही नाही, अशी अफवा रॉचेस्टर मुद्दाम त्याच्याशी लग्नाची आशा धरलेल्या ब्लँश इंग्रामच्या कानांवर जाऊ देतो आणि तिची वागणूक लगेच थंडावते. म्हणजे त्रिकोणाची एक बाजू पैशावर उभी होती, हे लेखिका लपवत नाही.
तरीही आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच वर्षीच्या, एमिली ब्राँटीच्या ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये आहे. स्वयंपाकघरात कॅथरीन मोलकरीण नेलीला सांगते की आता हीथक्लिफशी (तिच्याच घरात वाढलेल्या अनाथाशी) लग्न केले तर आपल्याला कमीपणा येईल. पलीकडे बाकावर बसलेला हीथक्लिफ तेवढेच ऐकून निघून जातो. त्याच्यावरच्या प्रेमाबद्दल ती पुढे जे बोलते, ते त्याच्या कानी पडतच नाही. तीन वर्षांनी तो पैसेवाला होऊन परततो, आणि ते पैसे कुठून आले हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. इथेही पैसा येतो, पण तो दरी बुजवायला येत नाही. जुगारापायी कॅथरीनचा भाऊ हिंडली जमीन गहाण टाकत जातो आणि ती गहाण घेणारा हीथक्लिफच असतो. ज्या घरात त्याला नोकरासारखे राबवले, ते घर तो कागदोपत्री, कायद्याच्या चौकटीत राहून गिळतो. एवढा थंड डोक्याचा सूड मी अन्य कुठल्याही प्रेमकथेत वाचलेला नाही.

जुनी_वही
थॉमस हार्डीची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ (१८७४) अवश्य पाहावी. गेब्रिएल ओक बाथशीबाला मागणी घालतो तेव्हा त्याचा स्वतःचा मेंढ्यांचा कळप असतो आणि तिच्याकडे दमडीही नसते. पुढे एका अननुभवी कुत्र्याने पिटाळल्यामुळे त्याच्या २०० मेंढ्या कड्यावरून कोसळतात, तिला काकांचे शेत मिळते आणि तो तिच्याकडेच मेंढपाळ म्हणून चाकरीला लागतो. तिच्यामागे लागलेला शेजारचा शेतकरी बोल्डवुड आणि सैनिक ट्रॉय धरले तर हा त्रिकोण नव्हे, चौकोन आहे, पण ते असो. मालकिणीवर प्रेम करणारा नोकर रोज तिच्यासमोर काम करतो, चुकले तिथे तिला तोंडावर सांगतो, त्यापायी नोकरी गमावतो आणि जनावरे मरू लागल्यावर तिलाच त्याला विनवून परत बोलवावे लागते.
मात्र शेवटी लग्नाच्या सुमारास ओक बोल्डवुडचे शेत स्वतः चालवायला घेण्याच्या बेतात असतो. त्यामुळे आपला आक्षेप इथेही पूर्णपणे खोडता येत नाही, हे मान्य करावे लागेल.

शाईपेन
आधुनिक उदाहरण म्हणून सॅली रूनीची ‘नॉर्मल पीपल’ (२०१८) सुचवते. कॉनेलची आई मॅरिएनच्या घरी साफसफाई करते. दोघे डब्लिनला शिकत असताना त्याचे कामाचे तास कमी होतात आणि उन्हाळ्यात खोलीचे भाडे भरणे त्याला अशक्य होते. ‘तुझ्याकडे राहू का?’ एवढे तीन शब्द विचारायचे असतात. ते त्याच्या तोंडून निघत नाहीत. उलट, तुला आता इतरांना भेटावेसे वाटेल, असे काहीतरी तो बोलून बसतो. तो आपल्याला सोडतो आहे असा तिचा समज होतो आणि मग श्रीमंत घरचा जेमी तिच्या आयुष्यात येतो. जुन्या कादंबरीत घराणे आडवे आले असते. इथे नकार द्यायला कुणीच नाही, तरी मागण्याची लाज पुरेशी ठरते.

अनुस्वार
सर्वांचे आभार. ‘नॉर्मल पीपल’ वाचली आहे, पण त्यातही पुढे शिष्यवृत्ती मिळतेच ना? माझ्या लेखी ते काकांच्या वारशाचेच नवे रूप झाले.

शाईपेन
मिळते, आणि तीही दोघांना: तिला ती नुसती मानाची, त्याला राहण्या-जेवणाची. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात तो युरोपात फिरत तिच्या इटलीतल्या घरी पोहोचतो, तेव्हा टेबलाशी जेमी बसलेला असतो.