मदत हवी आहे: आठवीचा मुलगा, भागाकार येत नाही. कोपरखैरणे-घणसोलीत क्लास सुचवा

दुपारपाळी
मुलगा आठवीत आहे. सहामाहीचे पेपर सुट्टीआधी घरी दिले. गणितात लेखी ५० पैकी ७. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हापासून पाया कच्चा राहिलाय, साधा भागाकार जमत नाही. यंदा आठवीत नापास करतात म्हणे. कोपरखैरणे-घणसोली भागात चांगला क्लास सुचवा. संध्याकाळी सातनंतरचा हवा, फी आवाक्यातली हवी. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत लावायचाय, त्यामुळे जरा लवकर सांगा. 'घरी लक्ष द्या' हा सल्ला कृपया नको.

पामबीच
बोर्ड? माध्यम? गणितच की बाकीचे विषयही? काहीच लिहिलं नाहीत, क्लास काय हवेत सुचवायचा?

शेवंता
आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत हो. ढकलतात पुढे. उगाच टेन्शन घेऊ नका.

खडूफळा
शेवंताताई, ते जुनं झालं. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलला. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते. नापास झाला तर जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षा घेतात, त्यातही राहिला तर त्याच वर्गात बसवतात. शाळेतून काढता मात्र येत नाही. धागाकर्त्याची भीती खोटी नाही.

मणीमाळ
अबॅकस लावा. माझ्या मुलीने दुसरीत सुरू केलं, आज कॅल्क्युलेटरच्या आधी उत्तर देते. एकाग्रता वाढते, आत्मविश्वास वाढतो. वाशीत उत्तम सेंटर आहे, व्यनि (खाजगी निरोप) करा.

खडूफळा
मुलगा आठवीत आहे, मणीमाळताई. त्याला भागाकार म्हणजे काय तेच कळलेलं नाही. मणी सरकवायचा वेग घेऊन तो काय करणार?

मणीमाळ
तुम्ही कधी अबॅकस शिकलात का? नाही ना? मग.

फुकटचा_सल्ला
क्लासबिस विसरा. एआयला फोटो काढून द्यायचा, पायऱ्या-पायऱ्यांनी समजावतं. मराठीतही. फुकट.

दुपारपाळी
स्टेट बोर्ड, सेमी. सगळेच विषय बेताचे, पण गणिताची भीती जास्त. क्लासचं नाव कोणी सांगेल का?

खडूफळा
नाव नंतर. आधी मुलगा नेमका कुठे अडलाय ते बघा. तेहतीस वर्षं फळ्यासमोर काढली आहेत, एवढं ऐका. या चार गोष्टी कागदावर करायला द्या: ५०२ − १७८, ८१६ ÷ ४, १/२ + १/३ आणि सात आठे किती. मदत करायची नाही, डोळे वटारायचे नाहीत, चुकला तरी मध्ये बोलायचं नाही. उत्तरं जशी येतील तशी इथे टाका. शिवाय चौथीच्या मराठी पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या.

दुपारपाळी
साहेब, मी तिथे नसतो. मुलगा माझा नाही, बहिणीचा. मी कळव्याला. भाऊजी माथाडी, तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटला, पहाटेच बाहेर पडतात. बहीण दुपारी तीन घरांत पोळ्या करायला जाते. म्हणून तर क्लास विचारतोय.

पामबीच
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर निम्मे प्रतिसाद वाचले असते.

कुसूरबाग
आरटीईमधून (शिक्षण हक्क कायदा) २५ टक्के राखीव जागांत चांगल्या इंग्रजी शाळेत टाकता येईल का बघा. फी भरावी लागत नाही.

पामबीच
ते प्रवेश पहिलीला किंवा त्याआधी होतात. आठवीच्या मुलाला त्याचा काय उपयोग?

खारीगाव
लॉकडाऊनमध्ये मुलगा इथेच होता की गावी?

दुपारपाळी
गावी. पाटण तालुक्यात, आजीकडे. मार्च २०२० ला दुसरीत होता. मार्केट सुरू राहिलं म्हणून भाऊजी इथेच थांबले, बहीण मुलांना घेऊन गेली. तिथे रेंज घ्यायला टेकाडावर जावं लागायचं आणि घरात फोन एकच, तोही बहिणीचा. तिसरी पूर्ण गेली, चौथीचीही बहुतेक गेली. पाचवीला परत इथल्या शाळेत घातला.

खडूफळा
म्हणजे नेमका सापडला की हो. जानेवारी २०२१ मध्ये शाळा उघडल्या त्या पाचवी ते आठवीच्या, हा तिसरीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये गावात पाचवीपासून पुढचे वर्ग भरले, हा चौथीत. पहिली ते चौथीला डिसेंबर उजाडला आणि जानेवारीत ओमायक्रॉनने परत कुलूप. आधी दोन्ही वेळा दार उघडलं ते याच्या वरच्या वर्गांना. त्यात दुसरी आणि तिसरी, दोन्ही वर्षं परीक्षेशिवाय वरच्या वर्गात. हातच्याची वजाबाकी, पाढे, भागाकार, अपूर्णांकाची ओळख, सगळं तिसरी-चौथीतच पक्कं व्हायचं असतं.

शेवंता
पण शाळांनी काहीच केलं नाही का? तेव्हा कसला तरी ब्रिज कोर्स होता ना?

खडूफळा
सेतू अभ्यासक्रम. १ जुलै २०२१ पासून, ४५ दिवसांचा. कागदावर चांगला होता, मागच्या इयत्तेच्या क्षमता दिवसवार मांडल्या होत्या, मध्ये चाचण्याही होत्या. पण तो सुरू झाला तेव्हा शाळाच बंद. आम्ही पीडीएफ ग्रुपवर टाकायचो. निम्म्या आया 'सर फोन यांच्याकडे असतो, रात्री बघते' म्हणायच्या. जो पूल ओलांडून यायचं तोच फोनवर पाठवला.

खारीगाव
तरी एवढं निराश होऊ नका. असरचा अहवाल बघा, गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी. ग्रामीण भारतात तिसरीतली किती मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकतात? २०१८ ला २७.३ टक्के, २०२२ ला घसरून २०.५, आणि २०२४ ला परत २७.१. गाडी रुळावर आली आहे.

माळ्यावरचं
हा आकडा सगळे असाच वाचतात. २०२४ ला तिसरीत असलेली मुलं मार्च २०२० मध्ये जेमतेम चार वर्षांची होती. त्यांची शाळा बुडालीच नाही, ती सुरूच नंतर झाली. आकडा वर आला तो नव्या तुकडीचा. जी तुकडी तेव्हा पहिली-दुसरीत होती ती आता सातवी-आठवीत आहे, आणि तिला परत कुणी बसवून शिकवलं का, हे त्या आकड्यात दिसत नाही.

खारीगाव
मुद्दा मान्य. पण निपुण वगैरे चाललंय की, वाचन-गणिताचा पाया पक्का करायची सरकारी मोहीम.

माळ्यावरचं
निपुणचा सगळा भर खालच्या वर्गांवर. आठवीतल्या या पोराला त्यात जागा कुठे?

पामबीच
अहवालावर वेगळा धागा काढा ना. इथे बाप्या क्लास विचारतोय.

सेक्टर_अकरा
मी कोपरखैरणेत आठवी ते दहावीचे क्लास घेते, म्हणून खरं सांगते. माझ्याकडे आणलात तर मी घेईन, फी पण घेईन. पण बॅचमध्ये अठरा-वीस मुलं आणि मला मार्चपर्यंत आठवीचं पुस्तक संपवायचं. तुमचा भाचा मागच्या बाकावर बसेल, फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवेल, वही पूर्ण असेल. पालक वही बघून खूश होतात. भागाकार तिथेच राहील. भागातला कुठलाही क्लास घ्या, थोड्याफार फरकाने हेच होणार. त्याला एकटं बसवून रोज पाऊण तास देणारं कुणी बघा. अकरावी-बारावीची मुलगीसुद्धा चालेल. खडूफळा सरांचा कागद आधी करून घ्या.

शेवंता
आधी सेमीतून काढा त्याला. मराठीतून कळेना तिथे इंग्रजी गणित!

कुसूरबाग
आठवीत माध्यम बदलायचं? आणि पुढे सायन्सला काय करेल? आपल्या मुलांना इंग्रजीची भीती घालायचं काम आपणच करतो.

शेवंता
सायन्सला जाईल तेव्हा जाईल, आधी नववीत तर जाऊ दे.

सेक्टर_अकरा
माध्यम बदलायची गरज नाही. बालभारतीचं आठवीचं गणिताचं पुस्तक मराठीत आणि इंग्रजीत तेच असतं, तेच धडे, तीच उदाहरणं. बालभारतीच्या साइटवर फुकट उतरवता येतं. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायची. उदाहरण मराठीत समजून घ्यायचं, पेपर इंग्रजीत लिहायचा.

दुपारपाळी
काल साप्ताहिक सुट्टी होती, कोपरखैरणेला जाऊन आलो. सरांनी सांगितलेलं करून घेतलं. चौथीचं पुस्तक काढलं तर कव्हरवरची इयत्ता बघून त्याने ते बाजूला सारलं, मग पान फाडल्यासारखं दुमडून दिलं तेव्हा वाचलं. मराठी वाचतो, जोडाक्षर आलं की थांबतो.
५०२ − १७८ = ४७६
८१६ ÷ ४ = २४
१/२ + १/३ = २/५
सात आठे: सातापासून बोटांवर मोजत गेला, शेवटी ५४ म्हणाला.
नंतर चहा पिताना सहज विचारलं, २८ रुपयांनी पाच किलो कांदा, किती? 'एकशे चाळीस.' बोटं नाहीत, काही नाहीत. मला नाटक वाटायला लागलंय.

खडूफळा
नाटक नाही. मार्केटमधल्या पोराला भावाचा हिशोब बापाबरोबर येतो, वहीतलं गणित वेगळ्या खोलीत राहतं. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला, २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. विक्रीचा अवघड हिशोब मनात अचूक करणारी मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या गणिताला अडली होती. त्यात नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते.

आता उत्तरं बघा. ४७६ कसे आले? पाचातून एक गेला चार. पुढे शून्यातून सात जात नाहीत, मग सातातून शून्य काढला, सात. दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन काढले, सहा. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. हातचा त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. २४ पण तसाच. आठाला चार दोनदा, मधल्या एकाला भाग जात नाही म्हणून तिथे शून्य न लिहिता सरळ सोळा घेतले. दोन्ही चुका एकाच मुळाच्या: आकडा कुठल्या घरात बसलाय याला काही किंमत असते हे कळलेलं नाही. ते तिसरीचं काम. अपूर्णांक सध्या सोडा.

पाचशेची नोट आणि एकेक रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या आणि म्हणा, मला एकशे अठ्ठ्याहत्तर दे. तो लगेच म्हणेल, सुट्टे नाहीत. मग करा सुट्टे: पाचशेचे शंभर, एका शंभराचे दहा-दहा, एका दहाचे एक-एक. हे झाल्यावरच वहीत तीच वजाबाकी मांडायची, नोटा शेजारी ठेवून. भागाकारालाही तेच. ८१६ रुपये चौघांत वाटले तर प्रत्येकाला चोवीसच? तो स्वतःच हसेल.

फुकटचा_सल्ला
हेच एआय पण सांगतं.

माळ्यावरचं
सांगत असेल. पाचशेची नोट कोण देणार?

उपवन
मला वाटतं डिस्कॅल्क्युलिया (आकडे-गणित शिकण्यातला दोष) तपासून घ्या. सायन हॉस्पिटलला लर्निंग डिसॅबिलिटीचं क्लिनिक आहे. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला सवलती मिळतात.

सेक्टर_अकरा
तपासायला हरकत नाही, पण दोन वर्षं शिकवलंच गेलं नाही त्याला आजाराचं नाव लगेच देऊ नका. आधी तीन-चार महिने रीतसर शिकवून बघा. रोज बसूनही काहीच हललं नाही तर जरूर न्या.

मणीमाळ
नोटा काय आणि मणी काय, एकच की. अबॅकसच्या दांड्या म्हणजे एकक, दशक, शतकच असतात. खडूफळा सरांनी तेच सांगितलं, फक्त पैशांत.

खडूफळा
हे मात्र बरोबर बोललात. वेगाच्या स्पर्धा सोडून नुसत्या दांड्या वापरल्या तर चालेल.

पामबीच
आज दिवाळी खरी.

दुपारपाळी
क्लासचा विषय बाजूला ठेवतो. बहिणीच्या बिल्डिंगमध्ये अकरावी कॉमर्सची मुलगी आहे, संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ बसवते म्हणाली. अडचण दोन. एक, पोरगा चौथीचं पुस्तक उघडणार नाही, मित्र बघतील म्हणतो. धाकटी बहीण तिसरीत आहे, ती हसते. दोन, शाळेचा आठवीचा गृहपाठ चालूच राहणार, मग हे दोन्ही कसं बसवायचं?

सेक्टर_अकरा
पुस्तक देऊच नका. पानांच्या झेरॉक्स काढा, वरची इयत्ता कापून टाका. धाकटीला त्या वेळी दुसऱ्या खोलीत, नाहीतर शेजारी पाठवा. 'तुझ्या बहिणीला येतं' हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही, आजीने सुद्धा. गृहपाठाचं वर्गशिक्षकांशी बोला. डिसेंबरअखेरपर्यंत गणिताचा गृहपाठ निम्मा करा म्हणावं. बहुतेक शिक्षक ऐकतात, त्यांना वर्गात असे सात-आठ माहीत असतात.

खडूफळा
क्रम ठेवा: हातचा, मग दोन ते दहा पाढे, मग भागाकार. पाढे बारा-पंधरापर्यंत नेण्याचा हट्ट नको. अपूर्णांक जानेवारीत. आठवीच्या पुस्तकातलं सगळं धरू नका, जमेल ते घ्या: सांख्यिकी, क्षेत्रफळ, सोपी समीकरणं. पास व्हायला ३५ टक्के लागतात, नव्वद नाही. आणि वाचनासाठी रोज पेपरातली एक बातमी, क्रिकेटची चालेल.

दुपारपाळी
बरं. त्या मुलीला महिन्याला किती द्यावेत? ती 'काका काहीही द्या' म्हणतेय.

कुसूरबाग
पाचशे पुरे. शेजारधर्म आहे.

शेवंता
रोज पाऊण तास आणि पाचशे? तुमच्याकडे पोळ्यावाल्या किती घेतात?

सेक्टर_अकरा
दीड हजार द्या, महिन्याच्या पहिल्या तारखेला, तिच्या हातात. तिच्या परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी. आणि ५०२ − १७८ चा तो कागद तिला दाखवा, तिने तिथूनच सुरू करावं.