कागदी विमानं नाक खाली का घालतात?

प्रश्न: रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये दुसरी ते सातवीच्या मुलांना कागदी विमानं शिकवायची आहेत. घरी करून बघितली, तर काही सरळ जमिनीत घुसतात, काही वर चढून धपकन पडतात. मुलं हिरमुसू नयेत म्हणून विचारतेय.

उत्तर १: ताई, मी शाळेत विज्ञान शिकवतो, दरवर्षी पाचवीकडून हे करून घेतो. साधा ए-४ कागद घ्या, घडी नखाने कडक दाबायला लावा. नाक खाली घालत असेल तर पंखांच्या मागच्या कडा अगदी दोन मिलिमीटर वर वळवा. वर चढून पडत असेल तर नाकाला एक यू-क्लिप. वजन पुढे सरकतं आणि तोल साधतो. डावीकडे वळत असेल तर उजव्या पंखाची मागची कड जरा वर. एका वेळी एकच बदल, मग उडवून बघायचं. मुलांना खरी गोडी इथेच लागते, म्हणून कडा तुम्ही वळवून देऊ नका! आणि पंखे बंद ठेवा.

उत्तर २: लांब कुणाचं जातं एवढीच स्पर्धा ठेवलीत तर मोठी मुलंच जिंकतील. हवेत किती वेळ टिकतं तेही मोजा. जपानच्या ताकुओ तोडांनी २०१० साली २९.२ सेकंद टिकवलं होतं.

उत्तर ३: लहानग्यांना सांगा, भिरकावू नका. खांद्याच्या उंचीवरून हलकेच पुढे सोडा. सगळ्यांनी एकाच भिंतीकडून उडवायचं, डोळे सांभाळून.

प्रश्नकर्ती: सर, यू-क्लिपने लगेच फरक पडला! डबाभर आणून ठेवते.