पहाटेची यष्टीच नसेल तर दवाखान्यात नंबर लावायचा कसा?
‘पहाटे उठून नंबर लावला की दुपारपर्यंत मोकळे’ असं दवाखान्याबद्दल काहीजण सांगतात, ते तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांसाठी ठीक. आमच्या घाटंजीकडच्या खेड्यातून पहिली यष्टी साडेआठला. तोवर दवाखान्याच्या दाराला सुतळीनं बांधलेली वही चाळीस नावांनी भरलेली असते, आणि फोनवर नंबर घेत नाहीत. मागच्या महिन्यात माय तीनदा तशीच परत आली. शेवटच्या खेपेला उपाशीपोटी शुगर तपासायची म्हणून चहासुद्धा घेतला नव्हता, अन् कंपाउंडर म्हणे उद्या या. फार जिवाला लागलं. वावरातली मजुरी बुडाली ती वेगळीच.

एक गोष्ट मात्र हे सांगणारे सांगत नाहीत. जवळच्या सरकारी आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर बीपी-शुगर तिथंच तपासतात आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून देतात. मायच्या बीपीच्या गोळ्या आता तिथूनच मिळतात. पैसे लागत नाहीत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरही फुकट आहे. रेंज गेली की ताटकळावं लागतं खरं. जाताना जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पट्टी न्या. मायला औषधाचं नाव सांगता येत नाही, ती पट्टी कॅमेऱ्यासमोर धरते.