‘सार्वमत’, ‘कौल’ की ‘आडवी बाटली’? शब्द हवा आहे

पैलतीर: मी कॅलिफोर्नियात बर्कलीला राहते. इथे उमेदवारांसोबत शहरापुढच्या प्रश्नांवरही मत द्यावं लागतं. साखर घातलेल्या पेयांवर औंसामागे एक सेंट कर बसवायचा का, हे 2014 च्या नोव्हेंबरात असंच ठरलं. मोठ्या फरकाने होकार आला आणि कर वितरकांवर बसला. आईला हे फोनवर सांगताना ‘बॅलट मेजर’ला मराठी शब्दच सुचेना. ‘सार्वमत’ म्हटलं, तर तिने विचारलं, “काश्मीरचं म्हणतात ते?” दुसरा शब्द आहे का?

दोनपानां: ‘सार्वमत’ चूक नाही, पण त्याला देशाच्या भवितव्याचं वजन आहे. सरबताच्या करासाठी तो जड पडतो. आम्हा गोंयकारांकडे ‘कौल’ आहे. 16 जानेवारी 1967 ला झाला तो ‘जनमत कौल’. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं, अशा निशाण्या होत्या. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली.

कौल मूळचा अरबी, अर्थ शब्द, वचन. ओस पडलेल्या गावात रयतेने परत यावं म्हणून सरकार लिहून द्यायचं तोही कौल. देवाला कौल लावतात तेव्हा प्रश्न आपण ठरवतो आणि मिळालेलं उत्तर पाळतो. तुमच्या मतदानात नेमकं हेच आहे. मात्र हल्ली वर्तमानपत्रं कुठल्याही निवडणूक निकालाला ‘जनतेचा कौल’ म्हणतात, त्यामुळे शब्दाची धार गेली आहे.

दूधगंगाकाठ: ताई, पुस्तकातला शब्द कशाला शोधताय? आमच्या कोल्हापूर-सातारकडच्या बायकांना विचारा, त्या म्हणतील ‘आडवी बाटली’. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर 2008 च्या आदेशानुसार पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. उत्पादन शुल्क खातं सह्या तपासतं, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद.

चित्र ज्याने सुचवलं त्याला मराठी कळत होतं. आमच्याकडे दुकान ‘उभं राहतं’, उमेदवारही ‘उभा राहतो’. कुस्तीत गडी ‘आडवा करतात’. आणि दारू पिऊन ओट्यावर नवरा आडवा झालेला ज्या बाईने पाहिलाय, तिला ‘बाटली आडवी करा’ याचा अर्थ सांगावा लागत नाही. आता ते क्रियापदच झालंय. ‘त्यांच्या गावात आडवी झाली’ म्हटलं की पुरे, बाटली म्हणायचीही गरज नाही.

पण यात एक शब्द फसवा आहे: ‘बहुमत’. इथे पडलेल्या मतांचं बहुमत चालत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. समजा यादीत 1,000 बायका आहेत, 600 आल्या, 480 जणींनी आडवीवर शिक्का मारला. पडलेल्या मतांत ऐंशी टक्के, तरी दुकान चालूच. माझ्या आईच्या गावात थोड्या मतांसाठी असंच झालं. मुंबई-पुण्याला गेलेल्या आणि वारलेल्या बायकांची नावं यादीत तशीच होती. घरी बसलेली बाई उभ्या बाटलीला मत देते, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. म्हणून प्रचारात ‘मत द्या’पेक्षा ‘बाहेर पडा’ जास्त ऐकू येतं.

तिठ्यावरचा: दुसरी बाजूही सांगतो. आमच्या तिठ्यावरचं देशी दुकान असंच बंद झालं. सरकारी कागदावर ‘अनुज्ञप्ती बंद’, एवढंच. पण शेजारची भुर्जीची गाडी आणि चणे-फुटाणेवाली आजी, दोघांचा धंदा त्याच गिऱ्हाइकावर होता. त्यांच्यासाठी त्या कागदावर शब्द नव्हता. तरीही मी आडवीच्याच बाजूचा. संध्याकाळी शाळेच्या मुली आता त्या वाटेने येतात, आधी शेताच्या बांधावरून वळसा घालायच्या.

पैलतीर: आईला ‘आडवी बाटली’ सांगितल्याबरोबर समजलं. तिच्या मावशीने असा शिक्का मारला होता म्हणे. या करावर मी एक लेख लिहितेय, त्यात ‘शहराचा कौल’ लिहीन, आणि पहिल्याच वाक्यात कशाबद्दलचा तेही. आमच्याकडे मात्र पडलेल्या मतांवरच निकाल लागतो, हा फरकही लिहायला हवा.

दूधगंगाकाठ: जरूर लिहा. इकडच्या बायकांना तो वाचून हेवा वाटेल.